चित्रगुप्ताचं काम हलकं करा

पूर्वी माणसं पुस्तक वाचत, गाणं ऐकत, चालायला जात आणि या सगळ्याची नोंद ठेवण्याचं काम बिनदिक्कत चित्रगुप्तावर सोपवून मोकळी होत. बिचारा एकटा आणि पसारा केवढा! शिवाय त्याची वही आपल्याला हयातीत बघायला मिळत नाही. त्यात आलेख नाही, आठवड्याचा गोषवारा नाही. गेल्या मंगळवारपेक्षा या मंगळवारी आपण माणूस म्हणून किती टक्के सुधारलो, याचा पत्ता नाही. ही गैरसोय आता दूर झालेली आहे. तरीही तुम्ही अजून नुसतेच वाचत, नुसतेच ऐकत आणि नुसतेच चालत असाल, तर पुढचं लक्ष देऊन वाचा. आणि हो, वाचायला किती वाजता बसलात ते आधी टिपून ठेवा.

सुरुवात पुस्तकापासून करण्याची घाई नको. सुरुवात तक्त्यापासून करावी. मी एका शनिवारी सकाळी एक्सेलमध्ये वाचनाची नोंद उघडली तेव्हा चार रकाने होते: नाव, लेखक, कधी घेतलं, कधी संपलं. रविवारी संध्याकाळपर्यंत ते एकवीस झाले. मूळ भाषा, अनुवादक, पानं, बांधणी, कुणी सुचवलं, सुचवणाऱ्याचा अंदाज खरा ठरला का, कुठे बसून वाचलं, उजेड पुरेसा होता का. कादंबरीला निळा रंग, चरित्राला मातकट, कवितेला फिकट जांभळा. तो जांभळा मनासारखा जमेपर्यंत दिवेलागण झाली. दोन दिवसांत मी एकही पान वाचलं नव्हतं. पण वाचनाचा इतका सलग सहवास मला आयुष्यात कधी लाभला नव्हता.

तक्ता तयार झाला की वर्षाचं लक्ष्य ठरवा. गुडरीड्स हे वाचकांचं संकेतस्थळ २००७ साली सुरू झालं आणि पुढे त्यावर वर्षभरात किती पुस्तकं वाचणार हे जाहीर करायची सोय आली, तेव्हापासून हे सगळं सोपं झालं आहे. लक्ष्य ५२ ठेवा. का, ते विचारू नका. वर्षात तेवढे आठवडे असतात हे कारण ज्याला पुरत नाही, त्यानं या भानगडीत पडूच नये. आता मुख्य मुद्दा: हिशेबात पुस्तक म्हणजे एक. चौदाशे पानांची कादंबरी म्हणजे एक आणि चाळीस पानांची पुस्तिका म्हणजेही एकच. एवढं उघड गणित समोर असताना लोक जाडजूड कादंबऱ्या हातात घेतात, मार्च ते मे त्यातच बुडून राहतात आणि मग डिसेंबरात तोंड लपवतात. तुम्ही तसं करू नका. पुस्तक निवडताना त्याचा कणा बघा. कण्यावर नाव आडवं छापायला जागा असेल तर ते पुस्तक ठेवून द्या. डिसेंबरच्या शेवटच्या दहा दिवसांसाठी दीर्घकविता, नाटुकली आणि मुलांची चित्रपुस्तकं बाजूला काढून ठेवावीत. नियमात बसतं. मी तपासलं आहे.

अर्धवट सोडलेल्या पुस्तकांचं काय, असा प्रश्न नवशिके हमखास विचारतात. सोडू नका. पुस्तक आवडत नसेल, कंटाळा येत असेल, लेखकाचा रागसुद्धा येत असेल; पण १८० पानं झालेली आहेत आणि ती वाया जाऊ द्यायची नाहीत. उरलेली पानं उलटत राहा. मजकूर डोळ्यांखालून गेला की झालं; डोक्यातून गेला का, हा रकाना माझ्या एकवीसमध्येही नाही.

मग तारे. पाचपैकी किती, हे पुस्तक मिटल्या मिटल्या ठरवावं, विचार करायला लागलं की गोंधळ होतो. तीन द्यावे की चार, या पेचातून सुटायचं तर स्टोरीग्राफ हे तसलंच दुसरं ॲप वापरा, तिथे पाव ताराही देता येतो. ही सोय मराठी माणसासाठीच केली असावी असा माझा संशय आहे. सव्वा, दीड, पावणेदोन हे शब्द ज्याच्या तोंडात लहानपणापासून बसलेले आहेत, त्यानं एखाद्या माणसाच्या उभ्या हयातीच्या लेखनाला पावणेचार म्हणावं आणि समाधानानं पुढच्या पुस्तकाकडे वळावं. सव्वातीन आणि साडेतीनमध्ये फरक काय, असं कुणी विचारलं तर मंद हसावं.

आता संगीत. इथे तुम्हाला हातानं काहीच लिहावं लागत नाही, फोन परस्पर लिहितो. म्हणूनच सावध राहायला हवं. स्पॉटिफायवर तीस सेकंद वाजलं की ते ऐकलं असं धरतात. लास्ट.एफएम हे संकेतस्थळ तर वीसेक वर्षांपासून हा रोजमेळ लिहीत आलेलं आहे आणि त्याचे नियम अधिक कडक आहेत: रचना तीस सेकंदांपेक्षा मोठी हवी आणि ती निम्मी किंवा चार मिनिटं, यातलं जे आधी होईल तेवढी वाजायला हवी. म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. तुम्ही पन्नास मिनिटांचा विलंबित ख्याल लावलात. चौथ्या मिनिटाला, बुवा अजून मध्यसप्तकात जागा शोधताहेत, तोवर तुमची नोंद पडली. एक. पुढची ४६ मिनिटं बिनपगारी. त्याच पन्नास मिनिटांत एकतीस सेकंदांचे तुकडे ऐकलेत तर ९६ होतात, आणि प्रत्येक निम्माच ऐकून पुढे सरकलात तर १९३. हे कळल्यावरही जो मारव्याची वाट बघत डोळे मिटून बसतो, त्याला संगीताची जाण असेल, हिशेबाची नाही.

वर्षाखेरीस स्पॉटिफायकडून हे सगळं रंगीत पाट्यांवर छापून तुमच्या हातात येतं आणि ते चारचौघांत दाखवायचं असतं, हे बाराही महिने ध्यानात ठेवा. माझं इथेच चुकलं. मध्यंतरी झोप लागत नव्हती म्हणून रात्री पावसाचा आवाज लावून झोपायचो. रोजचे सात तास, असे तीन महिने. वर्ष संपलं आणि माझा सर्वांत आवडता कलाकार जाहीर झाला: पाऊस. ३७,८०० मिनिटं. दुसऱ्या क्रमांकावर ज्या गायिकेसाठी मी जीव टाकतो असं सगळीकडे सांगत आलो, तिची ४१२. त्याहून वाईट म्हणजे पावसाचं एकही मिनिट मी ऐकलेलं नव्हतं, मी झोपलो होतो. तेव्हा घरात अंगाई, पाऊस, पंख्याची घरघर, असलं काही लावायचं असेल तर दुसऱ्याच्या फोनवर लावावं. जे गाणं मनापासून आवडतं पण सांगायची लाज वाटते, तेही तिथेच. आणि ज्यांचं नाव यादीत झळकायला हवं अशी थोर मंडळी रात्री आवाज बंद करून स्वतःच्या फोनवर वाजत ठेवावीत. स्वतः गुणगुणणं मात्र पूर्ण बंद करा. भांडी घासताना एखादी ओळ तासभर तोंडात घोळते, पण तिची नोंद कुठेही होत नाही. शुद्ध अपव्यय.

चालण्याबद्दल थोडं सविस्तर बोलावं लागेल, कारण इथे आकडा आधीच ठरलेला आहे: दहा हजार. हा आकडा कुठल्याशा वैद्यकीय परिषदेनं दीर्घ चर्चेअंती ठरवला असेल अशी तुमची समजूत असेल तर ती तशीच राहू द्यायची होती, पण सांगतो. टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये व्यायामाचं वारं होतं आणि १९६५ साली यामासा नावाच्या कंपनीनं पावलं मोजण्याचं यंत्र विकायला काढलं. त्याचं नाव ठेवलं मानपो-केई, म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. आकडा गोल आहे, बोलायला बरा आहे, बस्स. पुढे २०१९ मध्ये आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी सरासरी ७२ वर्षांच्या सुमारे १७ हजार स्त्रियांची पावलं मोजली, तेव्हा दिसलं की जेमतेम २,७०० चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं आणि साधारण ७,५०० नंतर हा फायदा वाढेनासा झाला. पण ७,५०० चाललो, असं सांगून कुणावर छाप पडते? अभ्यास अभ्यासाच्या जागी. वरची २,५०० पावलं प्रकृतीसाठी नाहीत, प्रतिष्ठेसाठी आहेत.

मनगटावरचा पट्टा तुमचे पाय बघत नाही, हाताचा झोका बघतो, हे एकदा समजलं की बऱ्याच वाटा मोकळ्या होतात. बाबागाडी ढकलत तासभर चाललात तर हात स्थिर राहतात आणि पावलं बुडतात; याउलट खुर्चीत बसून हातवारे करत वाद घातलात तर काही ना काही पदरात पडतं. म्हणून बाळाला फिरवण्यापेक्षा राजकारणावर बोलणं हा चांगला व्यायाम. पट्टा नसेल तर पावलं फोन मोजतो, तेव्हा तो घरी विसरून चालायला जाऊ नये, हे सांगायला नको. मी एकदा गेलो. टेकडीच्या पायथ्याशी खिसा चाचपला आणि तिथूनच मागे फिरलो, कारण वर जाऊन काय करणार? वरचं दृश्य काय, ते काल होतं, उद्या असेल. मला राहून राहून वाईट वाटत होतं ते परतीच्या वाटेचं. तीही मोजली जात नव्हती.

आणि खाडा अजिबात नको. सलग १४३ दिवस झाल्यावर मला ताप भरला तेव्हा मी पलंगाभोवती चाललो. आधी घड्याळाच्या दिशेनं आणि चक्कर आली की उलट दिशेनं.

जुन्या लोकांचे दाखले देणारे भेटतील. चार्ल्स डार्विन घराजवळच्या आपल्या नेहमीच्या वाटेवर फेऱ्या मोजायला गारगोट्यांची रास ठेवायचा आणि दर फेरीला त्यातली एक पायानं वाटेवर उडवायचा. वाचलेल्या पुस्तकांच्या याद्याही त्यानं वहीत लिहून ठेवल्या आहेत. पण गारगोटी काय, शाबासकी देत नाही, कंप पावत नाही, शेजाऱ्याच्या गारगोट्या किती झाल्या तेही सांगत नाही. आपलं खरं दैवत अमेरिकी गायक आर्ट गारफंकेल. जन्मभर गायला, जून १९६८ पासून वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाची यादी ठेवली आणि अमेरिका या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत टप्प्याटप्प्यानं पायी ओलांडली, मग युरोपात चालायला लागला. तिन्ही रकाने भरलेला माणूस. एकच खंत की ती यादी त्यानं फक्त केली. तिच्यासाठी काही केलं असं दिसत नाही.

विघ्नसंतोषी लोक तुमच्यापुढे एक शोधनिबंधही नाचवतील. जॉर्डन एटकिन या संशोधिकेनं २०१६ मध्ये चित्र रंगवणं, चालणं, वाचणं अशा गोष्टी काही लोकांना मोजून आणि काहींना न मोजता करायला दिल्या. मोजणाऱ्यांनी त्या जास्त केल्या, पण त्यातली मजा कमी झाली. सुखाचं काम त्यांना कामासारखं वाटायला लागलं. याचं उत्तर सोपं आहे. निबंधातलं पहिलं वाक्य मोठ्यानं वाचून दाखवा, दुसरं सोडून द्या. मजा कमी झाली म्हणे! किती कमी झाली, याचा तुमच्याकडे आलेख आहे का? नसेल तर पुढचा विषय.

तिन्ही आघाड्या एकदम सांभाळायची युक्ती शेवटी राखून ठेवली होती. पुस्तक कानानं ऐका, पावणेदोनच्या वेगानं, आणि ऐकत ऐकत चाला. पुस्तकही जमा, पावलंही जमा. निवेदक खारीसारखा बोलतो, नायिकेचा मृत्यू अकरा सेकंदांत उरकतो, पण हरकत नाही. संगीताची तेवढी पंचाईत होते. मी डाव्या कानात पुस्तक आणि उजव्या कानात सतार असा प्रयोग करून पाहिला. चार दिवसांनी खुनी कोण ते कळलं, राग कोणता ते कळलं नाही. नोंदी मात्र दोन्हीकडे पडल्या.

परवा रात्री ११ वाजून ५६ मिनिटांनी मी फोन बघितला. ९,७८८. दोनशे बारा कमी. माझ्या खोलीपासून बाहेरच्या दारापर्यंत चौदा पावलं, म्हणजे पंधरा खेपा आणि वर दोन पावलं, असा झटकन हिशेब केला आणि दिवा न लावता निघालो. अनवाणी, हात मात्र भरपूर हलवत. अकराव्या खेपेला आईच्या खोलीचं दार उघडलं.

"कोण आहे?"

"मी आहे, झोप तू."

"काय हरवलंय रे एवढ्या रात्री?"

"काही नाही. पावलं कमी पडलीत."

ती दारातच उभी राहिली. अंधारात मला हात हलवत येता-जाताना बघत राहिली. मधे थांबून तिला सगळं समजावणं भाग होतं: दहा हजार म्हणजे काय, १४३ चे आता २०६ दिवस कसे झालेत, आज तुटलं तर काय होईल. तिनं सगळं ऐकून घेतलं. रोज पहाटे ती फिरून येते, किती ते तिला ठाऊक नाही.

"बरं, मग चाल," ती म्हणाली.

मी चाललो. दाराशी पोचून फोन वर केला तेव्हा बारा वाजून गेले होते आणि पडद्यावर आकडा होता: ९.

"झाली का रे पुरी?" आतून आवाज आला.

"नाही," मी म्हटलं, "आत्ताच सुरू झालीत."