मोझेस वॉकर कच्चा होता म्हणे!

भाचीने शाळेतल्या भाषणासाठी उतरवून घेतलेला फॉरवर्ड परवा मला पाठवला. "1947 साली जॅकी रॉबिन्सन येईपर्यंत अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये एकही कृष्णवर्णीय नव्हता. 1884 मध्ये मोझेस फ्लीटवूड वॉकरला संधी दिली होती, पण तो कच्चा निघाला. बंदी कधीच नव्हती, दर्जाच नव्हता." एकही नव्हता, आणि पुढच्याच वाक्यात एकाला संधी! निदान पाठवण्याआधी एकदा वाचा तरी.

रॉबिन्सनचं मोठेपण कोणी नाकारत नाही. साठ वर्षांहून जास्त काळ बंद असलेलं दार त्याने उघडलं. पण बंद होण्याआधी त्या दारातून वॉकर आत गेला होता. ओबर्लिन आणि मिशिगनमध्ये शिकलेला हा गडी 1 मे 1884 रोजी मेजर लीगमध्ये टोलिडो संघाकडून लुइव्हिल संघाविरुद्ध उतरला. 42 सामने, बॅटिंगची सरासरी .263, म्हणजे दर हजार संधींत 263 यशस्वी फटके. लीगची सरासरी .240 च्या आसपास होती. कच्चा म्हणे!

वॉकर कॅचर होता, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा आणि कुठला चेंडू टाकायचा ती खूण करणारा. त्याच्या हातून चेंडू बरेच सुटायचे, हे खरं. का सुटायचे ते त्याच्याच संघाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, टोनी मलेन याने 1919 मध्ये सांगून टाकलं. वॉकरइतका चांगला कॅचर आपल्याला दुसरा मिळाला नाही, पण काळा माणूस आपल्याला आवडत नसे, म्हणून त्याच्या खुणेकडे न बघता मनाला येईल तो चेंडू टाकायचो, अशी त्याची कबुली. एकदा वॉकरने कर्व्हची, म्हणजे वळणाऱ्या चेंडूची, खूण केली, याने मुद्दाम वेगवान चेंडू सोडला. वॉकरने तो झेलला, चालत मलेनपाशी आला आणि म्हणाला, खुणांशिवाय झेलीन, पण मी खूण करायची आणि तुम्ही उलटं टाकायचं, हे चालणार नाही. त्यानंतर काय येणार हे ठाऊक नसताना त्याने मलेनला झेललं, तेही आजच्यासारखा जाड ग्लोव्ह नसताना. आता दर्जा कोणाचा काढायचा?

तो त्या संघात फार टिकला नाही, एवढं मान्य, पण कारण दुखापतीचंही होतं. त्या जुलैत त्याची बरगडी मोडली आणि हंगाम संपता संपता संघाने त्याला सोडलं.

राहिली बंदी. मेजर लीगमध्ये लेखी नियम नव्हता, हेही खरं, घ्या. पण 1883 मध्येच, वॉकर मेजर लीगमध्ये येण्याआधी, टोलिडोविरुद्धच्या एका सामन्यात शिकागो संघाचा कर्णधार कॅप अ‍ॅन्सन वॉकर असेल तर खेळणार नाही म्हणून अडून बसला होता. तिकिटांच्या पैशांवर पाणी सोडावं लागेल म्हटल्यावर मुकाट उतरला. 14 जुलै 1887 ला तर मेजर लीगच्या खालच्या पायरीवरच्या इंटरनॅशनल लीगच्या मालकांनी चक्क मतदान करून काळ्या खेळाडूंशी नवे करार बंद केले.

पुढच्या वर्षी ट्राय-स्टेट लीग या आणखी एका खालच्या लीगमध्येही तोच घाट घातला गेला, तेव्हा 1884 मध्ये टोलिडोकडूनच थोडे सामने खेळलेला वॉकरचा भाऊ वेल्डी याने लीगच्या अध्यक्षांना जाहीर पत्र लिहिलं. त्याचं म्हणणं साधं होतं: खेळाडूला बाहेर ठेवायचंच असेल तर कुवत, वर्तन, बुद्धी बघून ठेवा, रंग बघून नको.