सूर्यामुळे खेळ थांबला आहे

जावयाने आग्रह केला की सासऱ्याला नाही म्हणता येत नाही, हे मी विमानतळावर उतरतानाच मान्य करून टाकले होते. त्यामुळे 2018 च्या जुलैत मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम टोकाला असलेल्या पिट्सफील्ड गावी मुक्काम असताना तो "बाबा, आज तुम्हाला खरं बेसबॉल दाखवतो," म्हणाला, तेव्हा मी निमूटपणे टोपी चढवली आणि सौभाग्यवतींनी दशम्यांचा डबा घेतला.

वाहकोना पार्क हे तिथले 1919 सालचे बेसबॉल मैदान. त्याला तेव्हा छपराचा लाकडी प्रेक्षकमंडप होता. मोठ्या क्लबांचे मायनर लीग, म्हणजे दुय्यम साखळीतले, संघ येथे वर्षानुवर्षे खेळले आणि निघून गेले. त्या वर्षी सुट्टीत महाविद्यालयीन मुले खेळत होती. सभागृहाच्या खिडक्या फुटू नयेत म्हणून त्यापासून 80 यार्डांच्या आत बेसबॉल खेळण्यास या गावाने 1791 मध्येच बंदी घातली होती, हे जावयाने अभिमानाने सांगितले. काचा फुटल्यावर चेंडू परत न देणाऱ्या आमच्या वाड्यातल्या आजोबांना हे कळते, तर त्यांनी गावाला अभिनंदनाचे पत्र धाडले असते.

खेळ सुरू झाला. एका फलंदाजाने चेंडू असा सुरेख फाइन लेगकडे वळवला, की मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. मंडपात टाळ्या वाजवणारा मी एकटाच होतो. "बाबा, तो फाउल आहे, म्हणजे वाया गेलेला फटका," जावई खाली बघत म्हणाला.

पावणेआठच्या सुमारास मात्र खेळाडू अचानक मैदान सोडून निघाले. आकाशात ढगाचा टिपूस नव्हता. घोषणा झाली आणि जावयाने ती मराठीत सांगितली: सूर्यामुळे खेळ थांबला आहे. पावसाने, अपुऱ्या प्रकाशाने, एवढेच काय, खेळपट्टीवर कुत्रे आल्याने थांबलेला खेळ मी पाहिला होता. लख्ख प्रकाशाने थांबलेला हा पहिलाच. कारण विचारल्यावर कळले, की फलंदाजाची नजर पूर्व-ईशान्येला असावी असे बेसबॉलचे नियमपुस्तकच सुचवते. वास्तुशास्त्राचे एवढे उघड समर्थन मी परदेशात प्रथमच ऐकत होतो. या मैदानाचे तोंड मात्र पश्चिमेला, म्हणजे मावळता सूर्य थेट फलंदाजाच्या डोळ्यांत. ते बांधले तेव्हा सामने दुपारीच होत. प्रकाशझोतातले व्यावसायिक बेसबॉल 1930 च्या सुमारास आले आणि सामने संध्याकाळकडे सरकले, मैदानाला तेवढे सरकता आले नाही.

फलंदाजाच्या डोळ्यांची काळजी घेणाऱ्या या व्यवस्थेत फलंदाजाच्या मागेच, त्याच दिशेला तोंड करून बसलेल्या प्रेक्षकांचा विचार कोणी केलेला नव्हता. सौभाग्यवतींनी ओढणी डोळ्यांपर्यंत ओढली. मी टोपी नाकावर आणली आणि खेळाचे दर्शन पूर्णपणे बंद झाले. अर्थात खेळ बंदच असल्याने नुकसान काही झाले नाही. आजूबाजूला कोणाचीही कुरकुर नव्हती. शेजारच्या वृद्ध गृहस्थांना सौभाग्यवतींनी लसणाची चटणी लावलेली दशमी दिली. त्यांनी ती मोठ्या सौजन्याने खाल्ली, मग दोन्ही हातांनी लिंबूसरबताचा पेला उचलला आणि तो रिकामा होईपर्यंत खाली ठेवला नाही.

अर्ध्या तासाने सूर्य झाडांमागे गेला. फलंदाज आला, त्याने बॅट उगारली आणि पहिलाच चेंडू सरळ मागे, आमच्या छपरावर धाडकन आपटला.

आता मी शहाणा झालो होतो, गप्प बसलो. टाळ्या सौभाग्यवतींनी वाजवल्या.