नववीच्या पोराला ॲप घेऊन देण्याआधी

जून लागला की पालक शाळेच्या फाटकातच गाठतात. "मॅडम, पोरगं नववीला गेलं. अभ्यासाचं कुठलं ॲप घेऊन देऊ?" वर्षभराचं पॅकेज, वर टॅब, सगळं हप्त्यावर. तो पैसा सोयाबीनचा असतो नाहीतर दुकानातल्या तुटपुंज्या पगाराचा, म्हणून सविस्तर लिहितेय.

पैसे भरण्याआधी मूल नेमकं कुठे अडलंय ते बघा. मी गणित शिकवते. वर्गसमीकरणाचा व्हिडिओ कितीही सुरेख असू दे, अवयव पाडताना ऋण चिन्ह आलं की मुलं थबकतात. अपूर्णांकांची बेरीज करताना अंशात अंश आणि छेदात छेद मिळवतात. ही पाचवी-सहावीत राहून गेलेली गाठ आहे. व्हिडिओतले सर पुढे निघून जातात, मूल मान डोलावत राहतं, त्याला खरंच वाटतं की आपल्याला समजलं. वही उघडल्यावर पहिल्या पायरीलाच पेन थांबतं. 'असर' ही ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची देशभर होणारी पाहणी. 2023 च्या पाहणीत निवडक ग्रामीण जिल्ह्यांतल्या 14 ते 18 वयाच्या मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायला दिलं होतं. जमलं साधारण 43 टक्क्यांना. अशा मुलाला दहावीचं पॅकेज घेऊन देऊन काय होणार?

ऑनलाइन शिक्षणाने फरक पडतच नाही, असं मी मुळीच म्हणत नाही. दिल्लीत कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि अलेहांद्रो गानिमियन या संशोधकांनी केलेला एक अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. 'माइंडस्पार्क' नावाचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या केंद्रांत चिठ्ठ्या टाकून मुलांना मोफत प्रवेश दिला होता. साडेचार महिन्यांत त्यांची गणितातली प्रगती इतरांपेक्षा इतकी जास्त झाली, की शंभर जणांच्या रांगेत मधोमध असलेलं मूल साधारण 14 जणांच्या पुढे जावं. हिंदीतही वाढ झाली, थोडी कमी. पण तिथे चालायचं कसं, ते बघा. सॉफ्टवेअर आधी मुलाची पातळी तपासायचं. नववीतली मुलं गणितात सरासरी साडेचार इयत्ता मागे निघाली! मग प्रत्येकाला त्याच्या पातळीचेच प्रश्न. शिवाय रोजच्या दीड तासातला अर्धाच वेळ संगणकावर, उरलेला अर्धा वेळ 12-15 मुलांच्या गटात, समोर शिकवणारा माणूस.

घरी हातात दिलेल्या फोनवर यातलं काय होतं? 'असर'च्या 2024 च्या अहवालात 14 ते 16 वयाच्या ग्रामीण मुलांपैकी 57 टक्क्यांनी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी स्मार्टफोन वापरला होता, सोशल मीडियासाठी 76 टक्क्यांनी. मुलींच्या वाट्याला तर फोन आधीच कमी येतो. घरात एकच असेल तर तो भावाबरोबर बाहेर जातो, आणि रात्री परत आला की चार्जिंग संपलेलं.

आणि कृपा करून कोरोनाच्या वर्षांतल्या निकालाच्या आकड्यांवरून 'ऑनलाइनवर मुलं छान शिकली' असं म्हणू नका. राज्य मंडळाचा 2021 चा दहावीचा 99.95 टक्के निकाल परीक्षा न होता लागला होता. 2022 ला अभ्यासक्रम 25 टक्के कमी, वेळ वाढवून दिलेला, केंद्र आपापल्या शाळेत. 96.94 टक्के लागला. पुढच्या वर्षी 93.83.

व्हिडिओच हवे असतील तर बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड स्कॅन करा, 'दीक्षा' या सरकारी ॲपवर फुकट मिळतात. पालकांनी मागायचंच असेल तर शाळेकडे मागावं. कित्येक शाळांत संगणक कक्षाला कुलूप असतं. तो शाळा सुटल्यावर तासभर उघडा ठेवा, नववीच्या मुलांची पाचवीपासूनची चाचणी घ्या, ज्याला जे येत नाही तिथून सुरू करा आणि एक शिक्षक तिथे बसू द्या. त्या शिक्षकाला बीएलओची (मतदार यादीची) आणि माहिती भरण्याची कामं त्या वेळेत देऊ नका. हे शाळा व्यवस्थापनाला लेखी द्या, चार पालकांनी मिळून द्या.

कुणाच्या शाळेत असं काही चालू असेल तर वेळ कशी बसवली, जादा वेळाचं मानधन कुठून आणलं, हे कमेंटमध्ये नक्की लिहा. मला आमच्या मुख्याध्यापकांना दाखवायचं आहे.