आधी नीट बघू या

परवा उपासना संपल्यावर एका तरुण मुलाने विचारलं, "काकू, निसर्गातून बोध कसा काढायचा? मलाही मनन, म्हणजे बायबलच्या वचनावरचं छोटं चिंतन, लिहायचंय." चर्चच्या पायऱ्यांवर उभ्या उभ्या काय सांगणार? दोन वाक्यं बोलून घरी आले. पण प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

गेली चौदा वर्षं मी मंडळीच्या मासिकात दर महिन्याला मनन लिहिते. प्रवासाला निघाले की पर्समध्ये वही असतेच. मागच्या सप्टेंबरमध्ये सांगलीहून कासच्या फुलांच्या पठारावर निघाले तेव्हाही होती. एसटीत खिडकीजवळ जागा मिळाली आणि कऱ्हाड यायच्या आत माझं कासवरचं मनन लिहूनसुद्धा झालं. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय, कष्ट न करता शलमोन राजाच्या वैभवाहूनही सुंदर सजलेली रानातली भूकमळं, उद्याची चिंता नको, शेवटी छोटी प्रार्थना. भाषा छान उतरली होती. पठार मात्र मी अजून पाहिलेलं नव्हतं.

साताऱ्यापासून कास पंचवीसेक किलोमीटर. वर पोचलो तेव्हा धुकं इतकं होतं की दहा पावलांपुढचं दिसत नव्हतं. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलेलं हे पठार म्हणजे जांभ्याचा कातळ आहे. त्यावर माती कुठे चार बोटं, कुठे एक बोट, कुठे तेवढीही नाही. लोक उभ्याने फोटो काढत पुढे जात होते. माझे गुडघे दुखतात म्हणून मी वाटेच्या कडेला बसले, आणि बसल्यामुळे सीतेची आसवं नावाची फुलं डोळ्यांच्या पातळीवर आली.

फूल करंगळीच्या नखाएवढं. निळसर जांभळं. दोऱ्यासारख्या दांडीवर उभं आणि प्रत्येकावर धुक्याचा एक थेंब. देखरेखीला असलेल्या गावातल्या एक बाई जवळ आल्या. आता पाय जपून ठेवायला सांगणार असं मला वाटलं, तर त्या म्हणाल्या, "ताई, नुसतं फूल नका बघू. खाली चिखलात बघा. हे किडं खातंय."

खरंच आहे ते. त्या कातळावरच्या मातीत नत्र जवळपास नसतं. म्हणून ह्या रोपाला चिखलात, डोळ्यांना जेमतेम दिसतील अशा बारीक पिशव्या असतात. पाण्यातला सूक्ष्म जीव पिशवीच्या तोंडाशी आला की क्षणात आत ओढला जातो. एवढ्या नाजूक फुलाचं पोट असं भरतं. आणि माझ्या वहीत काय लिहिलेलं होतं? फुलं कशी काहीच करत नाहीत आणि देव त्यांना सजवतो, म्हणून आपणही निश्चिंत राहावं!

मी वही मिटली. वचन खोटं ठरलं असं मला एक क्षणही वाटलं नाही. मी वचन न वाचताच वापरत होते, हे मात्र लखकन लक्षात आलं. प्रभूने सुरुवातीला काय म्हटलंय? ती कशी वाढतात ते लक्षात आणा. ह्या ठिकाणी मूळ ग्रीक शब्दात नीट शिकून घेण्याचा भाव आहे. म्हणजे आज्ञा आधी बघण्याची आहे. निश्चिंत राहण्याचं त्याच्या पाठोपाठ येतं. आपण मधली पायरी गाळून एकदम शेवटाला जातो. देवाने एवढं सगळं निर्माण केलं ते आपल्या उपदेशांना उदाहरणं पुरवायला केलं नाही, असं माझं ठाम मत झालं आहे.

पेरणाऱ्याचा दाखलाही मला त्या कातळावर बसून नव्याने कळला. खडकाळीवर पडलेलं बी लगेच उगवलं आणि ऊन चढल्यावर करपलं, हे आपण लहानपणापासून ऐकतो. मग इथे खडकावर लाखो फुलं कशी? थोडा विचार केला तेव्हा उलगडलं. दाखल्यातलं बी शेतातलं आहे, धान्याचं. ज्वारी टाकली तर ती इथे करपेलच. इथली फुलं ह्याच कातळाची. पावसाच्या चार महिन्यांत उगवून, फुलून, बी टाकून मोकळी होतात. मे महिन्यात इथे कोळपलेलं गवत आणि दगड एवढंच दिसतं. प्रभू शेतकऱ्यांशी शेतकऱ्यांच्या नजरेने बोलत होता. ती नजर नसली की दाखल्याचं आपण सुभाषित करून टाकतो.

माझी आई मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्स होती. ती म्हणायची, आधी नाडी बघ, मग प्रार्थना कर.

घाईच्या बोधाचा मला एवढा राग का, तेही सांगते. २०१९ चा महापूर सांगलीत कुणी विसरलेलं नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. आमच्या घरात पाणी माळ्यापर्यंत पोचलं. आठ दिवसांनी दार उघडलं तेव्हा माझ्या वह्यांचं कपाट आडवं पडलेलं होतं. बॉलपेनने लिहिलेली पानं वाचता येत होती. शाईपेनाची सगळी गेली. अक्षर नाही, ओळ नाही, पानभर नुसता फिकट निळा रंग. त्यात बाबा गेले त्या वर्षाची वही होती.

त्या दिवसांत मला भेटायला आलेल्यांपैकी कितीतरी जणांनी दारातच सांगितलं, "ह्यातही प्रभूची काहीतरी योजना असेल." ती माणसं प्रेमाची होती, मला ठाऊक आहे. पण घोट्याएवढ्या चिखलात उभं राहून ते ऐकवत नव्हतं. समोरच्या घरातल्या वहिनी आल्या त्या काही बोलल्याच नाहीत. त्यांच्याही घरात चिखल होता. त्यांनी दोरी बांधली, कपड्यांचे चिमटे आणले आणि माझी एकेक ओली पानं सुटी करून वाळत घातली. दुपारभर. पान फाटू नये म्हणून आधी त्याखाली पोळ्यांचा उलथना सरकवायच्या. त्या विठ्ठलाच्या भक्त. त्या दुपारी माझ्या प्रभूने मला सोडलेलं नाही हे मला कळलं ते त्यांच्या हातांकडे बघताना.

बायबलमध्ये ईयोब नावाच्या नीतिमान माणसाचं सगळं काही जातं. त्याचे मित्र आधी त्याच्याजवळ सात दिवस आणि सात रात्री जमिनीवर नुसते बसून राहिले होते. त्यांनी तोंड उघडलं, कारणं सांगायला लागले, तिथून बिघडलं. आणि शेवटी देव बोलतो तेव्हा ईयोबाला त्याच्या दुःखाचं कारण सांगतच नाही. त्याला फिरवून आणतो. डोंगरातल्या रानबकऱ्या कधी वितात, रानगाढवाला कुणी मोकळं सोडलं, शहामृगीण अंडी मातीत टाकून कशी निघून जाते, गरुड कड्यावर घरटं कसं बांधतो. चार अध्याय हेच. त्यातल्या एकाही प्राण्याला बोध चिकटवलेला नाही. ईयोबाला ते पुरतं! पवित्र शास्त्रातलं निसर्गाचं हे एवढं मोठं वर्णन आपल्या मननांत किती क्वचित येतं.

आपल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांना फुलामुलांचे कवी म्हणतात. त्यांच्या कवितेत फूल आधी फूल असतं. त्यांचा ख्रिस्ताकडचा प्रवास सुरू झाला तोही आगगाडीच्या डब्यात, एका अनोळखी सहप्रवाशाने नवा करार हातात ठेवला तेव्हा. बाप्तिस्मा झाला १८९५ मध्ये. मधला काळ वाचण्यात, झगडण्यात, स्वतःला तपासण्यात गेला. तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. अखेरच्या वर्षांत ते साताऱ्यात राहिले, म्हणून तिकडे गेले की मला त्यांची आठवण येतेच.

कासचं मनन मी पुन्हा लिहिलं. बावीस दिवस लागले. त्यात सीतेची आसवं आहेत, त्या बाईंचं वाक्य जसंच्या तसं आहे, आणि ईयोबातलं एक वचन. संपादकांचा फोन आला, "ताई, शेवटचा बोध राहून गेलाय." मी त्यांना विनंती केली की आहे तसंच छापा. त्यांनी छापलं, त्याबद्दल त्यांचे मनापासून आभार.

त्या मुलाला आज निरोप पाठवला आहे. शनिवारी सकाळी साडेसहाच्या आत आयर्विन पुलाखालच्या घाटावर ये. वही आणू नकोस. पलीकडच्या काठाला एक खंड्या येऊन बसतो, तासभर त्याच्याकडे बघत बसू.