टकटक, धप्प आणि कुईंकुईं

ध्वनिदर्शक शब्दांची मराठीत रेलचेल आहे, असं शाळेत शिकवतात. ती कशासाठी आहे, हे मात्र गाडी साठ-सत्तर हजार किलोमीटर पळून तिचे शॉकअप आणि त्यांच्या आजूबाजूची रबरं थकली की कळतं. पेव्हर ब्लॉकवरून वीसच्या वेगानं जाताना पुढच्या एका बाजूनं येणारी टकटक लिंक रॉडची, म्हणजे वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याला चाकाशी जोडणाऱ्या काडीची. स्पीडब्रेकर उतरताना बसणारा धप्प बंप स्टॉपचा (स्प्रिंग पूर्ण दबली की शेवटचा धक्का झेलणारा ठोकळा), म्हणजे खरं तर त्या जागी आता बंप स्टॉप उरलेला नाही याचा. चाक खड्ड्यात सुटून लोंबकळतं तेव्हाचा खट् वरच्या माउंटचा, म्हणजे शॉकअप वर जिथं गाडीला अडकतो त्या रबरी बैठकीचा. पार्किंगमध्ये जागच्या जागी स्टेअरिंग फिरवताना तंबोऱ्याची तार सुटावी तसा टँग आला, तर स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेल्या पुढच्या खांबाच्या) डोक्यावरचं बेअरिंग अडलंय. स्प्रिंग पीळ खाते आणि एकदम सोडते. जुन्या झोपाळ्यासारखी कुईंकुईं बुशच्या, म्हणजे सांध्यात बसवलेल्या नळीच्या, रबराची. ब्रेक दाबल्यावर पायाखाली एकदाच टक झालं, तर लोअर आर्मचं (चाकाला खालून धरणाऱ्या हाताचं) बुश किंवा त्याच्या टोकाचा गोल सांधा, बॉल जॉइंट. त्यातला बॉल जॉइंट निघाला, तर ‘पगार झाल्यावर बघू’ म्हणायची सोय नाही. तो निखळला तर चाकच आडवं होतं.

एवढा शब्दसाठा हाताशी असताना आपण गॅरेजात जाऊन काय सांगतो? “आवाज येतो.” मग मिस्त्रीही तितकंच मोघम निदान करतो, “शॉकअप गेले, साहेब.” पुढची सगळी यातायात या दोन वाक्यांतून जन्माला येते.

मुळात शॉक ॲब्सॉर्बर हे नावच फसवं. धक्का झेलते ती स्प्रिंग, गाडीचं वजन पेलते तीही स्प्रिंगच. शॉकअपचं काम तिला गप्प करण्याचं. आतलं तेल बारीक भोकांतून ढकलायचं आणि तिच्या उड्यांची उष्णता करून टाकायची. खराब रस्त्यावरून तासभर आल्यावर शॉकअपला हात लावला तर तो गरम लागतो, ती ही उष्णता. बहुतेक गाड्यांत तो दबताना कमी विरोध करतो आणि उठताना दुप्पट-तिप्पट. पंगतीत बसणं सोपं आणि श्रीखंडानंतर उठणं अवघड, तसं. आणि गंमत अशी, की ‘फार कडक झालेत’ अशी ज्या शॉकअपची तक्रार असते, तो पुष्कळदा मेलेला असतो. विरोध संपला की स्प्रिंग थेट तळाशी जाऊन आदळते. ते आदळणं कमरेला कडकपणा म्हणून पोचतं.

त्यामुळे पाना हातात घेण्याआधी हवा बघावी. सकाळी, टायर थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलीय तेवढीच. पेट्रोल पंपावरच्या पोरासाठी सगळ्या गाड्यांचा आकडा एकच असतो, त्याच्या नळीवर विसंबू नये. मग टायरचा आकार. स्विफ्टचंच घ्या. 165/80 आर 14 या टायरची (पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा त्या रुंदीच्या किती टक्के भिंत, शेवटचा रिमचे इंच) भिंत 132 मिलिमीटर उंच असते. 185/65 आर 15 ची 120. दुकानदार ‘साहेब, लूक बघा’ म्हणत 195/55 आर 16 चढवतो, तिची 107. म्हणजे इंचभर हवा देऊन आपण ॲलॉयची चमक घेतली, आणि आता ती हवा परत मिळवायला शॉकअप शोधत फिरतोय.

हवा आणि टायर ठीक असतील तर तळहात टायरवरून गोलाकार फिरवावा. उंच-सखल लाटा लागल्या, तर चाक रस्त्यावर टिकत नाही, उड्या मारत चाललंय. शॉकअपच्या वरच्या भागावर ओलसर धूळ असेल तर घाबरू नये, तेवढा घाम सगळ्यांनाच येतो. ओघळ खाली उतरला असेल तर तेल संपत आलंय. कोपरा जोरात दाबून सोडावा. गाडी वर येऊन थांबली पाहिजे, दोन-तीनदा वर-खाली डुलत राहिली तर शॉकअप बाद. उलटं मात्र खरं नाही. दोन हातांनी दाबायचा वेग आणि साठच्या वेगानं खड्ड्यात जायचा वेग यांत फार अंतर आहे, त्यामुळे या परीक्षेत पास झालेले शॉकअपही रस्त्यावर नापास होतात.

निदान पक्कं झालं, की एक पथ्य. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ‘शॉकअप’ हा शब्द मोठ्यानं उच्चारू नये. चार गाड्यांमागून सहा सल्लागार निघतात.

पहिला म्हणतो, स्प्रिंगचा एक वेढा कापून टाक, गाडी मस्त बसते. बसते खरी, पण उठत नाही. सहा चालते, म्हणजे खरोखर दबणारे, वेढे असलेल्या स्प्रिंगमधला एक कापला, की ती 20 टक्के कडक होते आणि दबायला जागाही कमी उरते. शिवाय स्प्रिंगचं टोक वाटीत नीट बसेल असं घडवलेलं असतं. ग्राइंडरनं कापलेलं टोक तिरकं बसतं आणि वाटी पोखरतं. (जाड तारेच्या स्प्रिंगचं गणित याहून जालीम. तार 10 टक्के जाड झाली की कडकपणा 46 टक्के वाढतो, कारण जाडीचा चौथा घात लागतो. डोळ्याला फरक दिसत नाही, मणक्याला दिसतो.)

दुसरा वेढ्यांच्या मध्ये रबराचे बफर ठोकायला सांगतो. मागं तीन माणसं आणि आंब्याच्या पेट्या असल्या की गाडी टेकत नाही, हे त्याचं म्हणणं बरोबर. पण बफरनं दोन वेढे जखडले की त्यांचंही काम उरलेल्यांनी करायचं, आणि रोज एकटा माणूस ऑफिसला जाताना गाडी बैलगाडी होते. डिकीत सीएनजीची टाकी कायमची असेल, तर बफरपेक्षा त्याच गाडीच्या कंपनीच्या सीएनजी मॉडेलला मागच्या स्प्रिंगचा पार्ट नंबर वेगळा आहे का ते विचारावं. असेल तर तीच मागवावी.

तिसऱ्याचा उपाय म्हणजे स्प्रिंगखाली दोन-तीन सेंटिमीटरचा स्पेसर, म्हणजे जाड चकती. गाडी उंच दिसते. चाकाला खाली लोंबायची जागा तेवढीच कमी होते, ॲक्सलच्या जॉइंटचा कोन वाढतो आणि अलाइनमेंट बिघडते.

चौथा बहुधा कुणाचा तरी भाचा असतो आणि त्याच्या मोबाइलवर कॉइलओव्हरचे, म्हणजे शॉकअपवरच स्प्रिंग चढवलेल्या संचाचे, फोटो असतात. उंची आट्यांवर फिरवून हवी तेवढी ठेवता येते. पहिल्या वर्षी येते. दोन पावसाळ्यांचा चिखल आट्यांत वाळला की गाडीची उंची तिसऱ्या गणपतीत ठरते तीच कायमची. महागड्या संचांत वरच्या माउंटला रबराऐवजी लोखंडी गोल जॉइंट असतो. रेसच्या ट्रॅकवर तो देखणा, सिंहगड रोडवर मात्र प्रत्येक खडा त्यातून आपलं नाव-गाव सांगत कानात शिरतो. शिवाय कंपनीनं दिलेल्या घडणीत मनमानी फेरफाराला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आड येतं, हे भाचा सांगत नाही.

उरतो खरा प्रश्न, घ्यायचं काय. माणसाचं शरीर उभ्या हादऱ्यांपैकी सेकंदाला चार ते आठ वेळा येणाऱ्या हादऱ्यांना सगळ्यात जास्त कंटाळतं. आरामशीर गाडीची स्वतःची डोल सेकंदाला एक-दीड वेळा असते, ती पाळण्यासारखी, माणूस पेंगतो. आता सिमेंटचा द्रुतगती रस्ता बघा. पाट्यांचे सांधे साधारण साडेचार मीटरवर. ताशी 100 नं गेलं की सेकंदाला सहा ठोके, अगदी पोटाला नको असलेल्या तालात. म्हणजे शॉकअप बारीक, झटपट हादऱ्यांना मऊ हवा आणि घाटातल्या वळणावर, स्पीडब्रेकरवर कडक हवा. हे मागणं स्थळ बघताना मुलगी शांतही हवी आणि हुशारही, यासारखंच. नशिबानं असे शॉकअप मिळतात. कोनीच्या स्पेशल ॲक्टिव्हमध्ये झटपट हादऱ्याला वेगळी वाट देणारी झडप असते. तुमच्या गाडीच्या कॅटलॉगात असेल आणि खिसा परवानगी देत असेल, तर जरूर घ्या.

बिल्स्टीन बी6 ची कीर्ती वेगळी. ती एकनळी रचना. तेल आणि नायट्रोजन यांच्यामध्ये तरंगता पिस्टन, त्यामुळे तेलाला फेस येत नाही आणि उष्णता थेट बाहेर जाते. घाटात गाडी रुळावर असल्यासारखी वळते. शहरात त्याच ताठपणाची किंमत मोजावी लागते, आणि दगड उडून नळीला पोचा आला की पिस्टन तिथंच अडतो. दुनळी शॉकअपला बाहेरची नळी चिलखत म्हणून असते. तो सतत मारात तापून थोडा ढिला पडतो हे खरं, पण कमी दाबाचा गॅस भरलेला असेल तर ऑफिसच्या रस्त्यावर ती वेळ येत नाही.

म्हणून माझं मत अगदी नीरस आहे. रोजच्या गाडीला मूळ मापाचे, गॅस भरलेले दुनळी शॉकअप. गॅब्रिएल, मनरो, केवायबीचे एक्सेल-जी, बिल्स्टीनचेच बी4, यांतले ज्या गाडीला जे मिळतील ते, आणि मूळ स्प्रिंगा. गॅब्रिएलचे तर चाकणला बनतात; चाकणच्या रस्त्यानं बाहेर पडेपर्यंत त्यांची परीक्षाही होऊन जाते. मागवताना गाडीचं नुसतं नाव सांगू नये. स्विफ्टच्या 2005, 2011, 2018 आणि 2024 अशा चार पिढ्या झाल्या. नाव एक, घराणी चार. चॅसी नंबरावरूनच पार्ट नंबर काढावा आणि पक्कं बिल घ्यावं, कारण या बाजारात डबा असली आणि आतला ऐवज नकली असंही घडतं. स्प्रिंग खचली आहे का हे टेपनं कळतं. सपाट फरशीवर चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंत दोन्ही बाजू मोजाव्यात. सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर स्प्रिंगांचीही जोडी बदलायची.

आता वाचवलेले पैसे रबरात घालावेत. आरामाचं घर खरं तिथं आहे, आणि नेमकं तिथंच आपण ‘जुनंच लाव रे, चांगलंय’ म्हणतो. पुढच्या दोन स्ट्रटबरोबर दोन टॉप माउंट, दोन बेअरिंग, बंप स्टॉप, धुळीचे बूट, स्प्रिंगखालची रबरं आणि दोन लिंक रॉड. मागं दोन शॉकअपबरोबर त्यांचे बंप स्टॉप आणि बूट. लॉकचे नट नवे. एकाच बाजूचा बदलू नये, जोडीनंच.

बसवताना गॅरेजात उभं राहावं. मिस्त्रीला आवडत नाही, तरी राहावं. नवा दुनळी शॉकअप डब्यात आडवा पडून आलेला असतो, त्याला उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून-ओढून आतली हवा वर काढायची असते. चकचकीत दांडा पकडीनं धरू द्यायचा नाही. त्यावर उमटलेला एक ओरखडा वर-खाली जाताना तेलाचं सील कापतो आणि सहा महिन्यांनी ‘कंपनीच बोगस’ असा निकाल लागतो. वरचा नट एअर गननं मारला तर दांडा आतल्या पिस्टनसकट गरगरतो. स्प्रिंग कॉम्प्रेसरच्या दोन्ही बाजू सारख्या आवळायच्या. दबलेली स्प्रिंग निसटली तर ती छत बघून येते, आणि वाटेत जो असेल त्यालाही. नकल, म्हणजे चाक ज्यावर बसतं ते लोखंड, सोडल्यावर ते ब्रेकच्या नळीवर किंवा एबीएसच्या वायरीवर लोंबकळत ठेवायचं नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, आणि सगळ्यात कमी पाळलं जाणारं. लोअर आर्मची आणि मागच्या शॉकअपच्या खालची बोल्टं गाडी जॅकवर असताना फक्त हातानं लावायची. शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उभी राहिल्यावर. बुशचं रबर लोखंडाला चिकटवलेलं असतं. चाक लोंबत असताना आवळलं, तर गाडी खाली उतरताच ते पिळलं जातं आणि जन्मभर पिळलेलंच राहतं. जन्म मग वर्षभराचाच असतो. “साहेब, वीस वर्षं असंच लावतोय,” असं उत्तर येईल. वीस वर्षं तो बुशही विकतोय.

शेवटी अलाइनमेंट, त्याच दिवशी. स्ट्रट आणि नकल जोडणारा बोल्ट सैल झाला, की कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, हललेला असतोच.

चाचणीसाठी सोसायटीसमोरचा स्पीडब्रेकर वापरू नये. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा उंचवटा 3.7 मीटर रुंद, 10 सेंटिमीटर उंच आणि ताशी 25 किलोमीटरनं ओलांडायचा असतो. आपल्या दारातला कुणाच्या तरी स्लॅबचं उरलेलं काँक्रीट ओतून झालेला असतो, त्यावर कोणताही शॉकअप नापास. रोजचा रस्ता, रोजचा वेग, आणि मागच्या सीटवर घरातलं तक्रारखोर माणूस. ते काही बोललं नाही तर पैसे वसूल.

मग दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळं शांत झालेलं असताना, डिकीतून बारीक किरकिर ऐकू येते. ती आधीही होती, खडखडाटात दबलेली. गॅरेजात जाऊ नका. डिकीतला जॅक त्याच्या खोबणीत ठेवा आणि त्याचा स्क्रू हातानं अर्धा फेरा फिरवून जॅक खोबणीत घट्ट अडकवा.