खुराना यांनी डीएनए शोधला नाही, त्यांनी तो घडवला

९ जानेवारी, म्हणजे नोबेलविजेते रसायनशास्त्रज्ञ हरगोविंद खुराना यांचा जन्मदिवस, जवळ आला की आमच्या ठाण्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर, कॉलेजच्या जुन्या बॅचच्या ग्रुपवर, मुलीच्या क्लासच्या पालकांच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरायला लागतो. त्यातला मजकूर थोडक्यात असा: डीएनएचा शोध डॉ. हरगोविंद खुराना यांनी लावला, पण श्रेय वॉटसन आणि क्रिक यांनी लाटलं. पेशींना अन्नातून ऊर्जा मिळवायला लागणारं कोएन्झाइम ए हे द्रव्यही खुरानांनीच शोधलं. जनुकीय संकेत, म्हणजे जनुकातल्या कुठल्या अक्षरांवरून प्रथिनातलं कुठलं अमिनो आम्ल ठरतं त्याचा कोश, त्यांनी एकट्याने उलगडला. १९७० मध्ये त्यांनी प्रयोगशाळेत कृत्रिम जीव तयार केला. आणि अशा माणसाला भारताने नोकरी नाकारून हाकलून दिलं.

मी ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कंपनीत सिंथेसिसचं, म्हणजे साध्या रसायनांपासून हवा तो रेणू बनवण्याचं, काम करते. खुरानांबद्दल मला फार आदर आहे आणि म्हणूनच हा मेसेज मला सहन होत नाही. न केलेली कामं त्यांच्या नावावर टाकायची आणि जे खरोखर केलं त्याचा उल्लेखही करायचा नाही, याला गौरव म्हणत नाहीत.

पहिला दावा झटकन निकालात निघतो. १८६९ मध्ये ट्युबिंगेन इथे फ्रीडरिश मीशर यांनी जखमेच्या पट्ट्यांवरच्या पुवातल्या पेशींमधून हे द्रव्य पहिल्यांदा वेगळं केलं. आनुवंशिकतेचा वाहक डीएनए आहे हे १९४४ मध्ये एव्हरी, मॅक्लाउड आणि मॅकार्टी यांनी दाखवलं. वॉटसन आणि क्रिक यांनी मांडलेली डीएनएच्या दुहेरी सर्पिलाची रचना १९५३ ची. त्या वर्षी खुराना कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये फॉस्फेटच्या रसायनशास्त्रावर काम करत होते. त्या रचनेच्या श्रेयात कुणावर अन्याय झाला असेल तर तो डीएनएची क्ष-किरण चित्रं काढणाऱ्या रोझलिंड फ्रँकलिन यांच्यावर. मेसेजमध्ये त्यांचं नावही नाही.

कोएन्झाइम एच्या दाव्यावर मात्र थांबायला हवं, कारण खुरानांच्या कामाचा पाया तिथेच आहे. हे द्रव्य शोधलं फ्रिट्झ लिपमान यांनी, त्यासाठी त्यांना १९५३ चं नोबेल मिळालं. खुराना आणि जॉन मोफॅट यांनी १९५९ मध्ये ते रसायनांपासून बनवून दाखवलं. शोधणं आणि बनवणं यातला फरक सिंथेसिस करणाऱ्याला विचारा. कोएन्झाइम एच्या रेणूत एका टोकाला बी-५ जीवनसत्त्वापासून, म्हणजे पँटोथेनिक आम्लापासून, बनलेला गंधकधारी भाग असतो. दुसऱ्या टोकाला अ‍ॅडेनोसिन, म्हणजे आरएनएत (डीएनएसारख्याच, जनुकाचा मजकूर वाहणाऱ्या रेणूत) सापडतो तोच घटक. दोन्ही टोकं जोडायला मध्ये दोन फॉस्फेट. हे दोन फॉस्फेट एकमेकांना जोडायचे, तेही पाण्यात विरघळणाऱ्या, उष्णता आणि आम्ल सहन न करणाऱ्या रेणूंवर, आणि बाकीच्या गटांना धक्का न लावता. साध्या अभिक्रियेत असलं मिश्रण तयार होतं की त्यातून हवा तो पदार्थ वेगळा करता करता तो संपून जातो.

खुरानांनी त्यासाठी हत्यारं घडवली. केंब्रिजला अलेक्झांडर टॉड यांच्याकडे असताना त्यांनी फॉस्फेट जोडायला डीसीसी (डायसायक्लोहेक्सिलकार्बोडायइमाइड) हे रसायन वापरायला सुरुवात केली. डीसीसी पाणी खेचून घेतं आणि बंध तयार होतो. आजही आमच्याकडे ड्रममधून येतं, हातमोज्यांशिवाय कुणी हात लावत नाही कारण कातडीला अ‍ॅलर्जी होते, आणि त्यातून उरणारा डीसीयूचा पांढरा गाळ गाळता गाळता शिफ्ट संपते. कोएन्झाइम एसाठी त्यांनी आणि मोफॅट यांनी फॉस्फेटचा मॉर्फोलिडेट, म्हणजे जोडणीला तयार असं रूप, बनवून ठरलेल्या दोन तुकड्यांचीच जोडणी करायची पद्धत बसवली. फॉस्फेट कसे जोडायचे, जे गट अभिक्रियेत नको असतील ते कसे झाकायचे, नंतर ते झाकण कसं काढायचं, हे ज्ञान नंतर डीएनएच्या साखळीला जसंच्या तसं उपयोगी पडलं. डीएनएचे दुवेही फॉस्फेटचेच आहेत. कोएन्झाइमचं काम बाजूला ठेवून जनुकीय संकेताचं काम समजत नाही ते यासाठी.

संकेत त्यांनी एकट्याने उलगडला, हेही चुकीचं. १९६१ मध्ये मार्शल नायरेनबर्ग आणि हाइनरिश मथाई यांनी आरएनएच्या चार अक्षरांपैकी फक्त यू या अक्षराची साखळी वापरली आणि तिच्यावरून एकाच अमिनो आम्लाची, म्हणजे फेनिलअ‍ॅलॅनिनची साखळी मिळाली. तो पहिला शब्द. पण पुढे अडचण होती: अनेक अक्षरं मिसळून बनवलेल्या आरएनएत त्यांचा क्रम यदृच्छेने ठरे. ठराविक क्रमाची साखळी हवी होती, आणि ती बनवणारा माणूस खुराना. त्यांच्या गटाने आधी छोटे डीएनए तुकडे रसायनाने बनवले, मग एन्झाइमांकडून त्यांच्या लांब प्रती काढल्या. यूसीयूसीयूसी अशा साखळीतून सेरीन आणि ल्युसीन आलटून पालटून मिळाले. अक्षरं दोन-दोनच्या गटाने वाचली जात असती तर एकच अमिनो आम्ल आलं असतं. तीन-तीनने वाचली तर यूसीयू आणि सीयूसी असे दोन शब्द आलटून येतात. एएजी, एएजी अशी पुनरावृत्ती केली तेव्हा वाचन कुठून सुरू होतं त्यावर लायसीन, आर्जिनीन किंवा ग्लुटामिक आम्ल यांच्या तीन वेगळ्या साखळ्या मिळाल्या. १९६८ चं नोबेल खुराना, नायरेनबर्ग आणि रॉबर्ट हॉली या तिघांना मिळालं, आणि ते वाटप योग्यच होतं.

कृत्रिम जीव? नाही, जनुक. १९७० मध्ये यीस्टच्या अ‍ॅलॅनिन टीआरएनएचं (प्रथिन बनताना अमिनो आम्लं आणून देणाऱ्या रेणूचं) ७७ जोड्यांचं जनुक, रसायनाने बनवलेले तुकडे एन्झाइमने जोडून, तयार झाल्याचं जाहीर झालं. त्या टीआरएनएचा क्रम हॉली यांनी १९६५ मध्ये वाचला होता, म्हणूनच काय बनवायचं ते ठरवता आलं. १९७६ मध्ये एका जीवाणूच्या टायरोसिन टीआरएनएचं जनुक बनलं आणि ते जिवंत पेशीत कामाला लागलं. या मोठेपणाला 'जीव निर्माण केला' अशा थापेची गरज नाही. त्या काळात त्यांच्या प्रयोगशाळेत रुळलेला डीएमटी हा झाकणगट आज डीएनए बनवणाऱ्या मशीनमध्ये वापरतात. आम्ल घातलं की तो सुटून द्रावण नारिंगी होतं, आणि रंगाच्या गडदपणावरून प्रत्येक पायरी किती पूर्ण झाली ते मोजता येतं. खारघरला असो की परळला, कुठल्याही प्रयोगशाळेत पीसीआरसाठी (डीएनएच्या प्रती काढण्याच्या तंत्रासाठी) प्रायमर, म्हणजे त्याला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे, येतात ते याच रसायनाच्या वाटेने.

शेवटचा दावा अर्धा खरा आहे, आणि म्हणूनच त्याची भाषा बदलायला हवी. मुलतान जिल्ह्यातल्या रायपूर गावच्या या पटवाऱ्याच्या मुलाला १९४५ मध्ये भारत सरकारच्याच शिष्यवृत्तीने लिव्हरपूलला जाता आलं. १९४८ ला डॉक्टरेट, मग झ्युरिकला व्लादिमीर प्रेलोग यांच्याकडे एक वर्ष. १९४९ मध्ये ते परतले तेव्हा फाळणी झालेली, गाव पाकिस्तानात गेलेलं. इथे काम मिळालं नाही, हे खरं, आणि त्याची खंत आपल्याला वाटायलाच हवी. पण हाकलून कुणी दिलं नव्हतं. १९६९ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. आणि इथून निराश होऊन ते जिथे गेले ते केंब्रिज. फॉस्फेट आणि डीसीसीचं काम तिथेच हाती आलं.