पावणेदहा ते सव्वादहा

परवा लेकीने सरळच विचारलं, "बाबा, तुम्ही आजवर एखादी गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलीये का हो?"

मी खूप आठवून सांगितलं, "माझं लग्न." तेसुद्धा गुरुजींनी पाटावरून उठू दिलं नाही म्हणून.

तिचंही बरोबर आहे. मी मानपाड्याला राहतो. ऑफिसातून यायला साडेआठ होतात, जेवण आटपेपर्यंत पावणेदहा. मग सोफ्यावर टेकायचं, काहीतरी लावायचं आणि सव्वादहाला मान उजवीकडे कलंडायची. जगातल्या सगळ्या कलाकृती माझ्यापुरत्या अर्ध्या तासाच्या आहेत. पुढे त्यांचं काय होतं ते घरच्यांना ठाऊक. पण मत मात्र सगळीकडे लागतं. लोकलमध्ये लागतं, लिफ्टमध्ये लागतं, रविवारी तलावपाळीला भेळ खातानाही लागतं. "मी नाही बघितलं" असं म्हणून बघा एकदा. लोक दूधवाल्याचं बिल थकवलेल्या माणसाकडे बघावं तसे बघतात.

गेम ऑफ थ्रोन्स ही राजगादीच्या भांडणाची इंग्रजी मालिका लोकलचा सगळा डबा बघत होता म्हणून मीही चिकाटीने साडेआठ भाग बघितले. नववा अर्ध्यावर असताना झोप लागली. दुसऱ्या दिवशी ८.१२ ला मी ग्रुपला समजावलं, "हे बाकीचे सगळे टाइमपास आहेत. शेवटी गादीवर बसणार तो नेड स्टार्कच." डबा एकदम शांत झाला. एकाने आदराने विचारलं, "तुम्ही पुस्तकं वाचलीत का?" मी नुसताच हसलो. "म्हणजे तो परत येतो?" "यावंच लागेल. पोस्टरवर खुर्चीत कोण बसलाय?"

त्याच नवव्या भागाच्या शेवटी नेडचं मुंडकं उडवलं होतं, हे मला पुढे कितीतरी वर्षं माहीत नव्हतं. ग्रुपमधले दोघेतिघे मात्र माझ्या शब्दाखातर दर सीझनला त्याची वाट बघत राहिले. २०१९ मध्ये आठवा सीझन संपला, एकूण ७३ भाग झाले, तेव्हा त्यांच्यातल्या एकाने मुलुंडला माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "नाही आला रे."

जर्मन मालिका डार्क घरात लागली तेव्हा नौपाड्याची आत्या मुक्कामाला होती. या मालिकेत माणसं ३३-३३ वर्षं मागेपुढे ये-जा करतात आणि कोण कुणाचं कोण लागतं हे लेकीला वहीत लिहून ठेवावं लागतं. शार्लोटची मुलगी एलिझाबेथ, आणि शार्लोट पुन्हा एलिझाबेथचीच मुलगी, इथे तर आम्ही तिघांनी हात टेकले. आत्या शेंगा सोलत होती. म्हणाली, "त्यात काय एवढं? आपल्याकडे देवरुखची कुसुम नाही का, स्वतःच्याच जावेची मावससासू?" मग तिने कॅलेंडरचं जुनं पान मागवलं आणि पाठच्या बाजूला सगळं गाव मांडून दाखवलं. अडली ती एकाच ठिकाणी. "आई लेकीची लेक म्हणतेस, तर उद्या यातली एक गेली तर सुतक कुणी कुणाचं धरायचं?" यावर त्या मालिकेच्या तिन्ही सीझनांत उत्तर नाही.

इंटरस्टेलर आम्ही थिएटरात बघितला, पैसे दिले म्हणून मीही बराचसा जागा होतो. त्यात पाण्याच्या एका ग्रहावर तासभर काढला की पृथ्वीवर सात वर्षं उलटतात. नायक परत यानात येतो तर तिथे थांबलेल्या साथीदाराची २३ वर्षं वाट बघण्यात गेलेली. आमच्या मागच्या रांगेतली माणसं "बाप रे!" म्हणाली. ती मुंबईची असावीत. घोडबंदर रोडचा कोणी हलला नाही. माजिवड्याला बस चढताना ज्याला "आलोच" असं फोनवर सांगितलं, तो आपण मानपाड्याला उतरेपर्यंत आजोबा झालेला असतो, आणि आपल्याला वाटतं पंधराच मिनिटं झाली.

सीआयडी मला आवडते. कुठूनही बघा, दार तुटतंच. आईच्या चार दिवस सासूचेचंही तसंच होतं. २००१ ते २०१३ पर्यंत चालली, तीन हजारांच्या वर भाग. मी फक्त पाणी प्यायला हॉलमधून जायचो, तेवढ्यात मला गोष्ट कळायची. चार दिवसांचा हिशोब कुणी केला होता ते मात्र विचारायचं राहिलं.

अशी ही बनवाबनवी मात्र पूर्ण बघितलाय. एका बैठकीत नाही. १९८८ पासून आजपर्यंत, तुकड्यातुकड्याने. थोडा दिवाळीत, थोडा एसटीत, थोडा दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडं ठेवून. सुरुवात सर्वांत शेवटी हाती लागली. त्यामुळे पार्वती ही खरोखरच धनंजय मानेंची बायको आहे अशी माझी कितीतरी वर्षं समजूत होती, आणि एवढा सोसणारा नवरा म्हणून माने मला फार थोर वाटायचे. पुढे कळलं की ते सगळं भाड्याच्या खोलीसाठी चाललंय. आमच्या सोसायटीतही बॅचलरना जागा देत नाहीत. चौथ्या मजल्यावरच्या नव्या जोडप्यातली वहिनी जरा उंच वाटते, पण मी कुणाला बोललो नाही.

या सगळ्या अनुभवातून मी एक वाक्य तयार ठेवलंय: "सुरुवात झकास, मधे ताणलंय, शेवट गुंडाळला." आजवर कुठे अडलं नाही.

कालच लिफ्टमध्ये सातव्या मजल्यावरचे काका भेटले. म्हणाले, "लिंक पाठवली होती, बघितलीत का?" लिंका रोज चाळीस येतात. मी म्हटलं, "बघितली ना! सुरुवात झकास. मधे जरा ताणलंय. आणि शेवट अगदीच गुंडाळला."

काका गंभीर झाले. दुसरा मजला गेला, तिसरा गेला.

"मंगलाष्टकं लांबली खरी," ते म्हणाले. "तिच्या मावशीला कुणी आवरेना. पण जोशीसाहेब, पाठवणी हो, ती अजून किती लांबवायची? हिला तर उभंसुद्धा राहवत नव्हतं."